घरी येणार नाही आलो तर

विद्यालयाच्या स्मरणिकेसाठी आठवणी लिहून पाठवाव्यात, असे संपादक मंडळाचे पत्र हाती आले, तेव्हा आमच्या घरी एका वेगळ्याच गोष्टीवर वाद चालू होता. न्यू जर्सीतील आमच्या स्वयंपाकघरात, जेवणाच्या टेबलावर, माझी मुलगी लॅपटॉप उघडून बसली होती आणि एका इंग्रजी वाक्यात स्वल्पविराम द्यावा की अर्धविराम, यावर आम्हा बापलेकीचे एकमत होत नव्हते. पत्र बाजूला ठेवून मी पुन्हा त्या वाक्याकडे वळलो. रात्री उशिरा लक्षात आले, की विद्यालयाविषयी मला जे सांगायचे आहे ते त्या वाक्यातच आहे. म्हणून हा लेख एका परीक्षेविषयी आणि तिच्यातील विरामचिन्हांविषयी आहे. वाचकांनी थोडा धीर धरावा. वाट शेवटी आपल्याच वसतिगृहाच्या व्हरांड्यात येते.

अमेरिकेत बारावीनंतर महाविद्यालयात प्रवेश घेऊ इच्छिणारी लाखो मुले 'एसएटी' नावाची परीक्षा देतात. आपल्याकडील बोर्डाच्या परीक्षेसारखी ती एखाद्या राज्याची नसते; देशभर आणि देशाबाहेरही ती एकाच धर्तीवर घेतली जाते. ही परीक्षा प्रथम २३ जून १९२६ रोजी सुमारे आठ हजार विद्यार्थ्यांनी दिली. आज ती संगणकावर होते. गणिताचे ४४ प्रश्न, इंग्रजी वाचन-लेखनाचे ५४ प्रश्न आणि एकूण वेळ दोन तास चौदा मिनिटे. गुण ४०० ते १६०० या मर्यादेत मिळतात. इंग्रजीच्या ५४ प्रश्नांपैकी सुमारे एक चतुर्थांश प्रश्न व्याकरणाचे असतात आणि त्यांतला मोठा वाटा विरामचिन्हांचा. एक छोटा उतारा, त्यात एक रिकामी जागा आणि खाली चार पर्याय. चारही पर्यायांतील शब्द बहुधा तेच. फरक केवळ एका टिंबाचा, एका शेपटीचा किंवा एका आडव्या रेघेचा. उत्तर द्यायला सरासरी एक मिनिट अकरा सेकंद.

करोनाच्या काळात अनेक महाविद्यालयांनी ही परीक्षा ऐच्छिक केली होती. २०२२ मध्ये एमआयटीने ती पुन्हा सक्तीची केली आणि २०२४ मध्ये डार्टमथ, हार्वर्ड अशा संस्थाही त्याच वाटेने गेल्या. त्यामुळे अकरावीतील मुलांच्या घरांत पुन्हा अभ्यासाचे वातावरण आले. आमचे घर त्याला अपवाद नव्हते.

मुलीने घरी दिलेल्या पहिल्या सराव परीक्षेचा निकाल पाहून आम्हा दोघांनाही आश्चर्य वाटले. गणित उत्तम होते. उताऱ्यांचे आकलन उत्तम होते. व्याकरणाच्या गटात मात्र सहा उत्तरे चुकली होती आणि त्यांतील पाच विरामचिन्हांची होती. ही मुलगी याच देशात जन्मली. तिची स्वप्नेही इंग्रजीत पडत असावीत. मी पाचवीत पहिल्यांदा इंग्रजी मुळाक्षरे गिरवली. अजूनही माझ्या उच्चारावर माझे सहकारी कधीकधी 'पुन्हा सांगा' म्हणतात. आणि तिच्या त्या पाच प्रश्नांची उत्तरे मी बरोबर दिली. तिला ते खरे वाटेना. मलाही त्याचे कारण लगेच उमगले नाही.

मी तिला विचारले, "तू उत्तर कसे ठरवतेस?"

"मनात वाचते, बाबा. जिथे थांबावंसं वाटतं तिथे कॉमा."

"तू कुठे थांबतेस, हे कागदाला कसे कळणार?"

हे वाक्य माझ्या तोंडून निघाले खरे, पण ते माझे नव्हते. ते चाळीस वर्षांपूर्वी मी ऐकले होते. ज्यांनी ते उच्चारले, त्यांची आठवण आपल्या पिढीतील प्रत्येक विद्यार्थ्याला आहे. त्यांना आवडणार नाही म्हणून त्यांचे नाव लिहीत नाही. 'गुरुजी' एवढे पुरेसे आहे.

मी सहावीत होतो. सहामाही परीक्षा जवळ आली होती. आमच्या गावाकडची बहुतेक माणसे दसऱ्यानंतर ऊसतोडीला जात. मुकादमाची उचल घेतलेली असे. त्याचा ट्रक ज्या दिवशी निघे, त्या दिवशी निघावे लागे. नवराबायको मिळून एक कोयता, असा हिशेब. माझे आईवडीलही एक कोयता होते. एकदा ट्रक गेला की फाल्गुन-चैत्रापर्यंत त्यांची भेट नाही. म्हणून त्या वर्षी परीक्षा संपताच घरी जाऊन, ते निघण्यापूर्वी दोन दिवस त्यांच्यासोबत राहावे, असे मी ठरवले होते. मी पोस्टकार्ड लिहिले. माझे अक्षर वळणदार होते आणि त्याचा मला अभिमान होता. विरामचिन्हांची मात्र मला गरज वाटत नसे. पोस्टकार्डावर जागा कमी; ती शब्दांना द्यावी, ठिपक्यांना का द्यावी, असा माझा विचार असावा. कार्डाच्या शेवटी मी लिहिले होते :

परीक्षा संपल्यावर शनिवारी घरी येणार नाही आलो तर निरोप पाठवीन

घरात कोणालाच वाचता येत नव्हते. शेजारच्या चौथीतल्या मुलाने कार्ड वाचले. तो वाचताना 'नाही'नंतर थांबला : शनिवारी घरी येणार नाही. आलो तर निरोप पाठवीन. आईने त्याला दुसऱ्यांदा वाचायला लावले. दुसऱ्यांदाही तो तेथेच थांबला. वडिलांनी मुकादमाकडे दोन दिवसांची सवड मागून ठेवली होती. ती त्यांनी परत केली. शुक्रवारी सकाळी ट्रक निघून गेला.

शनिवारी संध्याकाळी मी पत्र्याची पेटी घेऊन एसटीतून उतरलो. फाट्यावर कोणी नव्हते. घरी आलो तर दाराला कुलूप. चुलती धावत आली आणि म्हणाली, "आरं, तू तर येनार न्हाईस म्हणून कार्ड धाडलं व्हतंस!" ती सुट्टी मी चुलतीकडे काढली. आईला मी पाहिले ते पाच महिन्यांनी. तेव्हा ती एवढेच म्हणाली, "कार्डात तसंच लिव्हलं व्हतं ना रं. मी दोनदा वाचायला लावलं."

सुट्टीनंतर विद्यालयात परतलो, तेव्हा मी कोणाशी बोलत नव्हतो. गुरुजींनी कारण विचारले आणि मी सर्व सांगितले. चूक त्या चौथीतल्या मुलाची आहे, त्याला वाचता येत नाही, असेही सांगितले. गुरुजींनी माझी समजूत काढली नाही. त्यांनी मला ते वाक्य, जसे लिहिले होते तसे, पाटीवर लिहायला लावले. मग व्हरांड्यातून जाणाऱ्या चार मुलांना एकेक करून बोलावले आणि ते मोठ्याने वाचायला सांगितले. दोघे 'येणार'नंतर थांबले, दोघे 'नाही'नंतर. वाचून झाल्यावर मुले खेळायला निघून गेली. आपण काय वाचले हे त्यांना ठाऊकही नव्हते.

गुरुजी म्हणाले, "आता सांग, चूक कोणाची?"

मी खाली पाहिले.

"तुझ्या मनात तू बरोबर थांबला होतास. पण तू कुठे थांबतोस, हे कागदाला कसे कळणार? पत्र पोचते तेव्हा लिहिणारा तिथे हजर नसतो, बाळ. म्हणून आपली खूण त्याने आधीच ठेवून जायची असते."

त्या आठवड्यापासून त्यांनी आम्हा काही मुलांना रात्रीच्या अभ्यासानंतर अर्धा तास थांबवून वाक्यपृथक्करण शिकवायला सुरुवात केली. उद्देश्य कोणते, विधेय कोणते. उद्देश्याचा विस्तार कुठवर, विधेयाचा कुठून. वाक्य केवल आहे, मिश्र आहे की संयुक्त. प्रधान वाक्य कोणते आणि त्याच्या आधाराने उभे असलेले गौण वाक्य कोणते. सातवीत गेल्यावर तेच त्यांनी इंग्रजी वाक्यांना लावून दाखवले. त्यांचे इंग्रजी उच्चार आमच्यासारखेच होते, पण वाक्याची हाडे त्यांना दिसत. आम्हाला हा अभ्यास रुक्ष वाटे. पुढे शहरातील महाविद्यालयात इंग्रजी माध्यमाच्या मुलांचे सफाईदार बोलणे ऐकले, तेव्हा तर मला या शिक्षणाची लाजच वाटू लागली. ती मुले भाषा बोलत होती आणि मी तिचे तुकडे करत बसलो होतो, असे वाटे.

ती लाज उतरायला मला माझ्या मुलीचा सराव निकाल पाहावा लागला.

तिला जे अडत होते ते असे. लहानपणापासून तिला सांगितले गेले होते, की वाचताना जेथे श्वास घ्यावासा वाटतो तेथे स्वल्पविराम. आपल्याकडेही हेच सांगतात. सकाळच्या वंदनेत आम्ही शंभर मुले एकसुरात म्हणत असू आणि एकाच ठिकाणी थांबत असू. त्यासाठी कोणाला चिन्हांची गरज नव्हती, कारण सोबत म्हणणारा शेजारी उभा होता. पूर्वीचे मोडी कागद पाहावेत : ओळ सलग वाहत जाते, शब्द तोडलेले नाहीत, विरामचिन्हे नाहीत. वाचणारा कारकून त्या मजकुराच्या रिवाजात मुरलेला असे आणि अर्थ त्याला आधीच अर्धा ठाऊक असे. आज आपण वापरतो ती विरामचिन्हे मराठीत इंग्रजीवरून आली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर, छापील पुस्तके अनोळखी वाचकांच्या हाती जाऊ लागली त्या काळात, मेजर थॉमस कँडी यांनी ती आपल्याकडे रूढ करण्याचे काम केले. मोल्सवर्थ यांच्या १८३१ च्या मराठी-इंग्रजी कोशाला साहाय्य करणारे आणि १८४७ चा इंग्रजी-मराठी कोश सिद्ध करणारे ते हेच कँडी. लिहिणारा आणि वाचणारा एकमेकांना दिसेनासे झाले, तशी त्या खुणांची गरज वाढली.

एसएटीमधील विरामचिन्हांचे प्रश्न नेमके हेच तपासतात. तेथे श्वास उपयोगाचा नाही; वाक्याची रचना पाहावी लागते. ज्यांची मुले पुढेमागे अशी परीक्षा देतील, त्यांच्यासाठी मी ते नियम येथे थोडक्यात सांगतो. उदाहरणे मराठी आहेत; नियम मात्र इंग्रजीचे आहेत, हे ध्यानात ठेवावे.

पहिला नियम स्वतःच्या पायावर उभ्या राहणाऱ्या वाक्यांचा. 'पाऊस आला, मुले आत पळाली.' मराठीत हे वाक्य कोणाला खटकत नाही. इंग्रजीत मात्र ही चूक आहे. 'पाऊस आला' हे एकटे उभे राहते, 'मुले आत पळाली' हेही एकटे उभे राहते. अशा दोघांच्या मध्ये नुसता स्वल्पविराम चालत नाही. तेथे पूर्णविराम द्यावा, किंवा अर्धविराम द्यावा, किंवा स्वल्पविरामाच्या जोडीला फॉर, अँड, नॉर, बट, ऑर, येट, सो या सातांपैकी एक अव्यय द्यावे. 'हाउएव्हर' आणि 'देअरफोर' हे शब्द त्या सातांत नाहीत. ते जोडणारे वाटतात, पण दोन वाक्ये बांधून ठेवण्याची ताकद त्यांच्यात नाही. माझ्या मुलीच्या पाच चुकांपैकी दोन येथेच होत्या. या नियमातून परीक्षेपुरती एक युक्तीही निघते. दोन वाक्यांच्या सीमेवर पूर्णविराम आणि अर्धविराम एकच काम करतात. म्हणून दोन पर्यायांत बाकी सर्व सारखे असून फरक फक्त या दोन चिन्हांचा असेल, तर दोन्ही पर्याय चूक समजावेत; कारण बरोबर उत्तर एकच असते.

दुसरा नियम उद्देश्य आणि विधेय यांच्यात भिंत न घालण्याचा. 'गेल्या वर्षी नदीकाठच्या शेतात भांगलणीला जाणाऱ्या बायका आज शाळेत आल्या.' हे वाक्य मोठ्याने वाचताना 'बायका' या शब्दानंतर श्वास घ्यावासा वाटतो आणि हात स्वल्पविरामाकडे जातो. पण 'बायका' हे उद्देश्य आहे आणि 'आल्या' हे त्याचे क्रियापद. उद्देश्याचा विस्तार कितीही लांब असो, त्याच्या आणि क्रियापदाच्या मध्ये एकटा स्वल्पविराम येऊ शकत नाही. येथे गुरुजींची रात्रीची अर्धा तास शिकवणी सरळ उपयोगी पडते : उद्देश्य शोधा, क्रियापद शोधा, मध्ये काही असेल तर त्याची जोडी आहे का ते पाहा.

ही जोडी म्हणजे तिसरा नियम. वाक्याच्या मध्ये अधिकची माहिती घातली, तर तिच्या दोन्ही बाजूंना चिन्ह हवे आणि दोन्हीकडे एकच चिन्ह हवे. स्वल्पविरामाने उघडले तर स्वल्पविरामाने मिटवावे, रेघेने उघडले तर रेघेने. एक बाजू स्वल्पविरामाची आणि दुसरी रेघेची, असे चालत नाही. माहिती अधिकची आहे की आवश्यक, हे ती काढून पाहिल्यावर कळते. इंग्रजीत 'माझा भाऊ पुण्यात असतो' ही माहिती स्वल्पविरामांच्या मध्ये ठेवली, तर मला एकच भाऊ आहे असा अर्थ निघतो. स्वल्पविराम काढले, तर अनेक भावांपैकी पुण्याचा भाऊ, असा अर्थ होतो. मुलीला हे काही केल्या पटत नव्हते. मग मी तिला मराठीत सांगितले : 'माझा भाऊ, जो पुण्यात असतो, उद्या येणार आहे' आणि 'माझा जो भाऊ पुण्यात असतो, तो उद्या येणार आहे.' ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, "म्हणजे मराठीत जो-तो जे काम करतात, ते इंग्रजीत कॉमा करतो!" चाळीस वर्षे दोन्ही भाषा वापरून मला हे इतक्या थोडक्यात सांगता आले नव्हते.

चौथा नियम अपूर्णविरामाचा, म्हणजे कोलनचा. त्याच्या आधीचे वाक्य पूर्ण असले पाहिजे. 'मला बाजारातून हव्या आहेत' एवढे म्हणून कोलन देऊन यादी सुरू करता येत नाही. 'मला बाजारातून तीन वस्तू हव्या आहेत' असे वाक्य पूर्ण करून मग कोलन द्यावा. पाचवा नियम षष्ठीच्या खुणेचा. 'मुलाची पुस्तके' आणि 'मुलांची पुस्तके' यांतला फरक आपल्याकडे एका अनुस्वाराने दिसतो. इंग्रजीत तो 'एस' या अक्षराच्या आधी किंवा नंतर दिलेल्या एका लटकत्या चिन्हाने दाखवतात. कानाला दोन्ही सारखेच ऐकू येतात. म्हणून कानावर विसंबणारी मुले तेथे हमखास चुकतात. आणि सहावा नियम सर्वांत सोपा, तरी सर्वांत अवघड : चिन्ह देण्याचे कारण सांगता येत नसेल, तर चिन्ह देऊ नये. चार पर्यायांपैकी एकात काहीच चिन्ह नसते आणि घाबरलेला विद्यार्थी तो पर्याय सोडून देतो. अनेकदा तोच बरोबर असतो.

आम्ही दर रविवारी सकाळी दोन तास बसू लागलो. सरावाचे साहित्य खान अकॅडमीच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळते. २०१५ पासून परीक्षा घेणाऱ्या संस्थेशी त्यांचे तसे सहकार्य आहे. मी तिला एकच अट घातली. उत्तर बरोबर असो वा चूक, कारण सांगायचे. 'बरोबर वाटते' हे कारण नाही. पहिले तीन रविवार ती चिडत असे. चौथ्या रविवारी तिने पेन्सिलीने उद्देश्याखाली एक रेघ आणि क्रियापदाखाली दोन रेघा ओढायला सुरुवात केली. मी ते तिला शिकवले नव्हते. गुरुजी फळ्यावर नेमके तसेच करत असत.

एक गोष्ट येथे प्रामाणिकपणे लिहिली पाहिजे. या परीक्षेचा इतिहास निष्कलंक नाही. ती घडवणारे प्रिन्स्टनचे मानसशास्त्रज्ञ कार्ल ब्रिगम यांनी १९२३ मध्ये एक पुस्तक लिहून युरोपातील काही वंश बुद्धीने श्रेष्ठ आणि काही कनिष्ठ असल्याचे प्रतिपादन केले होते. १९३० मध्ये त्यांनी स्वतःच ते निष्कर्ष मागे घेतले. माणसाची योग्यता जन्माने ठरते, या समजुतीची झळ आपल्या समाजाइतकी थोड्यांनाच लागली असेल. मुलीला मी हे सांगितले, तेव्हा तिने विचारले, "मग मी ही परीक्षा का देऊ?"

मी तिला म्हणालो, "या परीक्षेचे गुण म्हणजे तुझी बुद्धी नव्हे, हे आधी पक्के लक्षात ठेव. पाचवीत एबीसीडी शिकलेला तुझा बाप ज्या प्रश्नांना बरोबर उत्तरे देतो, त्यांना तू चुकतेस. यात बुद्धीचा काय संबंध? कोणीतरी मला ते शिकवले होते. तुला कोणी शिकवले नव्हते. जे शिकवता येते ते शिकून घ्यावे."

विरामचिन्हांना परीक्षेबाहेरही किंमत असते, याचे उदाहरण अमेरिकेतच घडले आहे. मेन राज्यातील एका दूध कंपनीच्या ट्रकचालकांनी जादा कामाच्या मोबदल्यासाठी दावा लावला. कोणत्या कामांना जादा मोबदला लागू नाही, याची यादी त्या राज्याच्या कायद्यात होती. यादीच्या शेवटी एक स्वल्पविराम नव्हता. त्यामुळे 'वितरण' हे वेगळे काम धरायचे, की केवळ 'पाठवणीसाठी किंवा वितरणासाठी मालाची बांधणी' एवढेच धरायचे, हे स्पष्ट होत नव्हते. चालक वितरण करत होते, बांधणी नव्हे. २०१७ मध्ये अपील न्यायालयाने ही संदिग्धता मान्य करून चालकांच्या बाजूने कौल दिला आणि पुढच्या वर्षी कंपनीने पन्नास लाख डॉलर देऊन दावा मिटवला. मुलीला ही गोष्ट फार आवडली. मला मात्र ट्रक म्हटले की वेगळाच ट्रक आठवतो.

तोवर मी तिला पोस्टकार्डाची हकीकत सांगितली नव्हती. त्या रविवारी सांगितली. ते वाक्य मी कागदावर जसेच्या तसे लिहून दिले. तिचे मराठी वाचन सावकाश आहे. तिने बोट ठेवून ते वाचले, पुन्हा वाचले आणि काही न बोलता पेन्सिलीने 'येणार'नंतर एक ठिपका दिला. मग म्हणाली, "आजीला वाचून दाखवू?"

माझी आई आता गावीच असते. फोनवर नातीने ते वाक्य तिला दोन्ही प्रकारे वाचून दाखवले. पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग आई म्हणाली, "हे दुसऱ्यांदा वाचलंस तसं त्या पोरानं वाचलं असतं, तर मुकादमाच्या पाया पडून दोन दिस थांबले असते मी." आणि लगेच पुढे, "त्या पोराला बोल लावू नगंस. ल्हान व्हतं ते."

मुलीने मार्चमध्ये परीक्षा दिली. त्याआधीच्या शेवटच्या सराव परीक्षेत विरामचिन्हांचे एकच उत्तर चुकले होते. प्रत्यक्ष गुण चांगले आले. तिला हव्या असलेल्या महाविद्यालयांत अर्ज करण्याइतके चांगले. प्रवेश कोठे मिळेल ते पुढे कळेल. पण ती आता मैत्रिणींना संदेश पाठवतानाही एकदा थांबून तो वाचते आणि मग पाठवते. मला त्याचे समाधान गुणांपेक्षा अधिक आहे.

गुरुजींना हे सांगायचे राहून गेले. ते गेल्याचे मला येथे बऱ्याच उशिरा समजले. त्यांनी आम्हाला इंग्रजी बोलायला शिकवले नाही, हा माझा त्यांच्यावरचा मनातल्या मनातला आरोप होता. तो आज या पानावर मागे घेतो. आपण हजर नसतानाही आपले म्हणणे धड पोचावे, एवढी तजवीज त्यांनी आमच्यासाठी करून ठेवली होती. ज्या घरांतून आम्ही आलो, त्या घरांतले कोणी आमची बाजू सांगायला कोठे हजर राहणार नव्हते; आमचा अर्ज, आमचे पत्र, आमची उत्तरपत्रिका हीच आमची बाजू होती. हे त्यांना ठाऊक असावे.

वर दिलेल्या सहा नियमांचे एक टिपण, अधिक उदाहरणांसह, मी विद्यालयाच्या ग्रंथालयासाठी या लेखासोबत पाठवत आहे. आठवी ते दहावीच्या विद्यार्थ्यांना ते मराठी आणि इंग्रजी दोन्ही विषयांसाठी उपयोगी पडेल. टिपणाच्या पहिल्या पानावर त्या पोस्टकार्डातील वाक्य विरामचिन्हांशिवाय छापले आहे. शिक्षकांनी ते चार विद्यार्थ्यांना, एकेक करून, मोठ्याने वाचायला सांगावे. आणि मग ठिपका कोठे द्यायचा, हे मुलांनाच ठरवू द्यावे.